प्रकरण ९ : डबा बदलला, दाखला तोच

"सर, सर्टिफिकेट ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी सीईआर फाइल पाठवलीय. आमचा सर्व्हर मागतोय पीएफएक्स. मी नाव बदलून पीएफएक्स केलं, तरी घेत नाही. आता काय करू?"

एका पतसंस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलीचा हा फोन. असाच प्रश्न सीएच्या ऑफिसातले आर्टिकल विचारतात, ई-टेंडर भरणारे कंत्राटदारही विचारतात. शब्द बदलतात, अडचण तीच: फाइल हातात आहे, पण समोरच्याला ती 'तशी' नको आहे.

फाइलच्या नावाची शेपटी बदलणं म्हणजे डब्यावरचं लेबल बदलणं. लेबलावर 'साखर' लिहिलं म्हणून आतल्या तुरीच्या डाळीने चहा गोड होत नाही. मग डबा खरोखर बदलायचा कसा? आणि डबा बदलताना आतलं काही सांडत तर नाही ना? एकेक पायरी चढत जाऊ.

१. दाखल्यात असतं काय?

रहिवासी दाखला डोळ्यांसमोर आणा. नाव, पत्ता, तारीख, जावक क्रमांक आणि खाली सही-शिक्का. डिजिटल सर्टिफिकेट हाही असाच दाखला. त्यात वेबसाइटचं किंवा माणसाचं नाव असतं, देणाऱ्या संस्थेचं नाव असतं, अनुक्रमांक असतो, कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या तारखा असतात आणि देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. कागदी दाखल्यात नसलेली एक गोष्ट मात्र यात जास्त असते. ती म्हणजे दाखलेदाराची 'सार्वजनिक चावी'. रकाने कोणते आणि कोणत्या क्रमाने, हे एक्स-५०९ या आंतरराष्ट्रीय मानकाने १९८८ साली पहिल्यांदा ठरवून दिलं. आज त्याची तिसरी आवृत्ती वापरात आहे.

ही सही कागदावरच्या सहीपेक्षा कडक असते. कागदावर तारखेतला १ खाडाखोड करून ७ करता येतो, सही बिचारी खाली तशीच राहते. इथे सही सगळ्या मजकुराला बांधलेली असते. एक आकडा हलला की सही जुळत नाही आणि दाखला बाद होतो.

म्हणजे फॉरमॅट बदलताना दाखल्याचा काना-मात्रासुद्धा बदलत नाही, बदलून चालणारही नाही. बदलतो तो डबा. हे मनात पक्कं बसलं की या विषयाची निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी मात्र ठेवायला हवी. ती कशाची, ते आता पाहू.

२. मुद्रा आणि तिचा ठसा

मराठी राज्यात पत्रावर मुद्रा उमटवली जाई. तिचा ठसा ओळखीचा असे, कुणीही तो पाहून पत्र खरं की खोटं ते पडताळावं. मुद्रा मात्र नेमलेल्या माणसाच्या ताब्यात. कारण मुद्रा ज्याच्या हातात, त्याने लिहिलेलं पत्र खरं. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आजही त्याच अर्थाने वापरतो.

डिजिटल जगातही अशी जोडी असते. खासगी चावी, म्हणजे ऑफिसातल्या बोलीत 'प्रायव्हेट की', ही मुद्रा. सार्वजनिक चावी, म्हणजे 'पब्लिक की', ही पडताळणीचा ठसा. फरक एवढाच, की कसबी कारागीर ठसा पाहून नकली मुद्रा घडवू शकेल. इथे सार्वजनिक चावीवरून खासगी चावी काढणं गणितानेच अशक्यप्राय करून ठेवलंय.

दाखला मिळतो कसा, तेही पाहू. चाव्यांची जोडी तुमच्याच मशीनवर तयार होते. खासगी चावी तिथेच राहते. सार्वजनिक चावी आणि नाव-गाव एका अर्जात घालून दाखला देणाऱ्या संस्थेकडे जातं. या अर्जाला 'सीएसआर' म्हणतात. संस्था खातरजमा करते, सही करते आणि दाखला परत पाठवते.

आता त्या मुलीच्या हातातली सीईआर फाइल पुन्हा पाहा. संस्थेने पाठवलेल्या फाइलमध्ये खासगी चावी नाही, कारण ती संस्थेकडे कधी गेलेलीच नाही.

३. लिपी दोन, मजकूर एक

इतिहासाचे अभ्यासक मोडीतली कागदपत्रं बालबोधीत उतरवून काढतात. लिपी बदलते, मजकूर तोच राहतो. ते लिप्यंतर असतं, भाषांतर नव्हे. सर्टिफिकेटच्या दोन मूळ फॉरमॅटचं नातं असंच आहे.

पहिला 'डेर'. संगणक सगळं काही बाइटमध्ये ठेवतो, आणि एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. दाखला बाइटमध्ये लिहायची नेमकी एकच पद्धत असावी, म्हणून डेरचे नियम केले. एकच का? दोघांनी तोच दाखला दोन तऱ्हांनी मांडला, तर सही जुळणार नाही. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर चौकोन आणि विचित्र खुणांचा सडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, ती माणसांसाठी लिहिलेलीच नसते.

दुसरा 'पेम'. जुन्या ईमेलमधून फक्त साधी अक्षरं सुखरूप जात, हवे ते बाइट जात नसत. म्हणून ६४ सुरक्षित खुणा निवडल्या: इंग्रजी २६ मोठी अक्षरं, २६ छोटी, १० अंक, अधिकचं चिन्ह आणि तिरपी रेघ. या पद्धतीला 'बेस-६४' म्हणतात. ती कशी चालते ते आपल्याच 'अ' वर करून पाहू.

संगणकात 'अ' तीन बाइटमध्ये साठवला जातो: २२४, १६४, १३३. शून्य-एकात मांडले तर

१११००००० १०१००१०० १००००१०१

हे झाले आठ-आठचे तीन गट, एकूण २४ घरं. तीच घरं सहा-सहाच्या चार गटांत पाडा:

१११००० ००१०१० ०१००१० ०००१०१

यांचे आकडे होतात ५६, १०, १८ आणि ५. बेस-६४ च्या तक्त्यात ० म्हणजे मोठा 'ए', त्यामुळे १० म्हणजे 'के', १८ म्हणजे 'एस', ५ म्हणजे 'एफ'. अंक ५२ पासून सुरू होतात, म्हणून ५६ म्हणजे '४'. आपला 'अ' झाला '४-के-एस-एफ'. उलट दिशेने गेलात की पुन्हा 'अ' हजर. काही हरवलं नाही, काही लपलंही नाही. बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे, हे इथेच लक्षात घ्या.

तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणून फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. १,२०० बाइटचा दाखला घेतला तर १,६०० अक्षरं, आणि ओळीत ६४ अक्षरं धरली तर बरोबर २५ ओळी. त्यांच्या वर पाच आडव्या रेघांच्या मध्ये 'बिगिन सर्टिफिकेट' आणि खाली तसंच 'एंड सर्टिफिकेट' लिहिलं की झाली पेम फाइल. नेहमीच्या आकाराचा दाखला असेल तर पहिली तीन अक्षरं हमखास 'एम-आय-आय' दिसतात. डेरमध्ये सुरुवातीला 'इथून एक संच सुरू, त्याची लांबी एवढी' हे सांगणारे बाइट असतात. ते बेस-६४ मध्ये असेच उमटतात.

'पेम' हे नाव 'प्रायव्हसी एन्हान्स्ड मेल' या १९९३ च्या सुरक्षित ईमेल योजनेवरून आलं. ती योजना काही रुजली नाही. तिचं वेष्टन मात्र आज जगभरच्या सर्व्हरवर आहे.

४. तीन गाठोडी

आतापर्यंत एका दाखल्याचं बोललो. प्रत्यक्षात दाखला एकटा फिरत नाही. तुमच्या वेबसाइटच्या दाखल्यावर एका मधल्या संस्थेची सही, त्या संस्थेच्या दाखल्यावर मूळ संस्थेची. ब्राउझर ओळखतो तो फक्त मुळाला. त्यामुळे मधला दुवा सोबत दिला नाही, तर दाखला खरा असूनही एखाद्या मोबाइलवर 'ही साइट सुरक्षित नाही' असा इशारा येतो. ही सगळी साखळी एकत्र बांधायला गाठोडी लागतात.

पी७बी: यात दाखला आणि साखळी असते, खासगी चावी नसते. हे गाठोडं बिनधास्त ईमेल करावं.

पीएफएक्स, दुसरं नाव पी१२: यात दाखला, साखळी आणि खासगी चावी असं सगळं असतं, वर पासवर्डचं कुलूप. विंडोज सर्व्हर मागतो ते हेच. पतसंस्थेच्या सर्व्हरला हवं होतं तेही हेच.

जेकेएस: हे जावा प्रोग्रॅमचं स्वतःचं कपाट. फाइलचे पहिले बाइट सोळाच्या पद्धतीत वाचले तर 'फीडफीड' असा शब्द दिसतो, जावा घडवणाऱ्यांनी केलेली ही गंमत. २०१७ च्या जावा ९ पासून मात्र नवं कपाट आपोआप पी१२ पद्धतीचंच बनतं.

पेम फाइलमध्येही दाखला, साखळी आणि चावी एकाखाली एक ठेवता येतात. म्हणून शेपटीवर विसंबू नका. सीईआर किंवा सीआरटी नावाची फाइल आतून डेर असू शकते, पेमही असू शकते. नोटपॅडमध्ये उघडा. रेघांची ओळ दिसली तर पेम. त्या ओळीत 'प्रायव्हेट की' असे शब्द दिसले तर हात आखडा. ही फाइल कुणाला पाठवायची नाही.

५. ताकाचं दूध होत नाही

आता प्रत्यक्ष बदल. सर्वांत जास्त वापरलं जाणारं अवजार म्हणजे ओपनएसएसएल. १९९८ पासून मोफत मिळणारं हे साधन काळ्या खिडकीत आज्ञा लिहून चालवायचं असतं. आज्ञेचा सांगाडा नेहमी सारखाच: हे घे, असं कर, तिथे ठेव.

उदाहरण पहिलं: डेरचं पेम. आत दाखला, बाहेर दाखला. चावीचा संबंध नाही, पासवर्ड नाही, क्षणात होतं. विंडोजमध्ये तर आज्ञाही लागत नाही. दाखल्यावर दोनदा क्लिक करा, 'डिटेल्स'मध्ये 'कॉपी टू फाइल' दाबा आणि बेस-६४ चा पर्याय निवडा.

उदाहरण दुसरं: पेमचं पीएफएक्स. इथे तीन गोष्टी हाताशी हव्यात: दाखला, साखळी आणि खासगी चावी. साधन त्यांचं गाठोडं बांधतं आणि नवा पासवर्ड विचारतं. दाखला आणि चावी एकाच जोडीतले आहेत ना, हे आधी तपासा. आरएसए पद्धतीच्या चावीत एक भलामोठा आकडा असतो आणि तोच दाखल्यातही असतो. फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे जुळवून पाहावेत तसे दोन्हीकडचे आकडे ताडून पाहायचे. जुळले नाहीत, तर चावी दुसऱ्याच दाखल्याची आहे.

उदाहरण तिसरं: पीएफएक्समधून पेम. लिनक्स सर्व्हरवर दाखला न्यायचा असेल तर हे लागतं. गाठोडं सोडायचं आणि वस्तू वेगळ्या ठेवायच्या. पण इथे एक खड्डा आहे. सर्व्हर मध्यरात्री सुरू झाला तर पासवर्ड टाकायला कोण बसणार? म्हणून बहुतेक जण चावी बिनकुलपाची काढतात. ते एक वेळ चालेल, पण काम झाल्यावर ती फाइल डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये लोळत पडते. मुद्रा टेबलावर विसरून घरी जाण्यासारखंच ते.

तिन्ही उदाहरणांचा नियम एकच. गाठोड्यातून कमी काढता येतं. जे नाहीच, ते फॉरमॅट बदलून येत नाही. दुधाचं ताक होतं, ताकाचं दूध होत नाही. पीएफएक्समधून सीईआर निघते, पण नुसत्या सीईआरची पीएफएक्स होत नाही.

मग त्या मुलीचं काय झालं? तिला विचारलं, अर्ज कुठल्या मशीनवरून केला होता? त्याच विंडोज सर्व्हरवरून, ती म्हणाली. म्हणजे चावी तिथेच होती. सीईआर त्याच सर्व्हरवर आणून 'कम्प्लीट सर्टिफिकेट रिक्वेस्ट' केलं की दाखला आणि चावीची गाठ पडते. नंतर 'एक्स्पोर्ट' करताना 'खासगी चावीही हवी' हा पर्याय निवडला की पीएफएक्स तयार. दहा मिनिटांचं काम. मधल्या काळात कुणी तो सर्व्हर फॉरमॅट केला असता, तर मात्र चावी कायमची गेली असती. दाखला देणाऱ्या संस्थेकडे ती नसतेच, त्यामुळे तिथे फोन करून उपयोग नसता. नवी जोडी, नवा अर्ज, नवा दाखला, एवढाच मार्ग उरला असता.

हे काम पुढे वरचेवर येणार आहे. वेबसाइटच्या दाखल्याची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवायचं ठरलंय: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा हाताने उरकायचं काम आठ वेळा करणं कुणालाच परवडणार नाही. ते प्रोग्रॅमवर सोपवावं लागेल.

६. पासवर्ड बरोबर, तरी चूक

पीएफएक्स बनवली. पासवर्ड कागदावर लिहून ठेवला. जुन्या विंडोज सर्व्हरवर टाकायला गेलात, तर 'पासवर्ड चुकीचा आहे'. तीनदा, चारदा, कॅप्स लॉक पाहून, अक्षर अक्षर म्हणत टाकला, तरी तेच.

अशा वेळी दोष बऱ्याचदा पासवर्डचा नसतो, कुलपाच्या जातीचा असतो. पीएफएक्सचं कुलूप अनेक प्रकारचं असू शकतं. जुन्या साधनांनी लावलेली काही कुलपं आजच्या मानाने तकलादू होती. सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती आली आणि तिने नव्या फाइलींना मजबूत कुलूप लावायला सुरुवात केली. जुन्या विंडोजला ते कुलूप ओळखता येत नाही. पण 'मला हे कुलूप कळत नाही' असं प्रामाणिकपणे सांगण्याऐवजी ती माणसालाच खोटं पाडते. उलटंही होतं: जुनी पीएफएक्स नव्या साधनात उघडत नाही. दोन्ही वेळी उपाय एकच, आज्ञेत 'लेगसी' हा शब्द घालून जुन्या पद्धतीला परवानगी द्यायची. सर्व्हर बदलणं शक्य असेल तर तेच बरं. जुनं कुलूप ही तात्पुरती सोय आहे.

७. चावी फिरायला लागली की

चावीच्या बेफिकिरीची किंमत मोठ्या कंपन्यांनीही मोजली आहे.

फेब्रुवारी २०१५. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर 'सुपरफिश' नावाचं जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर आधीपासून घातलेलं होतं. त्याने लॅपटॉपमध्ये स्वतःचा मूळ दाखला बसवला होता, आणि त्याची खासगी चावी त्याच सॉफ्टवेअरच्या पोटात होती. सगळ्या लॅपटॉपवर तीच एक चावी. तिला पासवर्ड होता. सुरक्षा संशोधक रॉबर्ट ग्रॅहम यांनी त्या प्रोग्रॅमच्या मेमरीतले शब्द गोळा करून एकेक लावून पाहिले. 'कोमोडिया' या शब्दाने कुलूप उघडलं. सॉफ्टवेअरचा तो भाग पुरवणाऱ्या कंपनीचंच ते नाव. ती चावी हाती आलेल्या कुणालाही त्या लॅपटॉपपुढे बँकेची खोटी साइट खरी म्हणून उभी करता आली असती.

दुसरी गोष्ट २०१८ ची. ट्रस्टिको ही ब्रिटनमधली दाखले विकणारी कंपनी. तिला आपल्या ग्राहकांचे दाखले रद्द करून हवे होते. दाखले देणाऱ्या डिजिसर्टने विचारलं, चाव्या फुटल्याचा पुरावा काय? उत्तरादाखल ट्रस्टिकोच्या प्रमुखांनी सुमारे २३,००० खासगी चाव्या ईमेलने पाठवून दिल्या. त्या क्षणी त्या खरोखरच फुटल्या, आणि २४ तासांत दाखले रद्द करावे लागले. मुळात ग्राहकांच्या चाव्या विक्रेत्याकडे होत्याच कशा? 'आमच्या वेबसाइटवरच चावी बनवा' ही सोय देता देता त्या साठवल्या गेल्या होत्या.

इंटरनेटवर 'तुमची पेम फाइल इथे टाका, पीएफएक्स मिळवा' अशी मोफत सोय देणारी पानं पुष्कळ आहेत. नुसता दाखला टाकला तर बिघडत नाही, तो जगजाहीरच असतो. पण पीएफएक्ससाठी चावीही टाकावी लागते. ते पान चालवणारा कितीही सज्जन असो, मुद्रा त्याच्या हातात देऊन 'जरा दुसऱ्या डबीत घालून दे' म्हणण्यात शहाणपण नाही. आणि पीएफएक्स ईमेलने पाठवायचीच झाली, तर पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नका.

८. डोंगलमधून चावी का निघत नाही?

शेवटचा प्रश्न डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीच्या दाखल्याचा, आपल्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा. "डीएससी डोंगलमध्ये आहे. त्याची कॉपी पेनड्राइव्हवर करून मिळेल का? म्हणजे एक सीएकडे आणि एक आमच्याकडे."

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मुळे भारतात डिजिटल सहीला कायदेशीर मान्यता मिळाली. दाखले देणाऱ्या संस्थांवरच्या नियंत्रकाच्या दिल्लीतल्या कार्यालयाचा मूळ दाखला, त्याखाली परवानाधारक संस्था आणि त्याखाली तुम्ही, अशी ही साखळी. १ जानेवारी २०२१ पासून दुसऱ्या वर्गाचे दाखले बंद झाले, आता टेंडर असो वा कंपनीचे फॉर्म, तिसऱ्या वर्गाची डीएससी लागते. ती ज्या यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे डोंगलमध्ये, येते, ते दिसायला पेनड्राइव्हसारखं असलं तरी पेनड्राइव्ह नव्हे. चावी त्याच्या पोटातच जन्मते. सही करायच्या मजकुराचा गोषवारा आत जातो, सही बाहेर येते, चावी आतच राहते.

म्हणूनच डोंगल लावून विंडोजच्या यादीतून एक्स्पोर्ट करायला गेलात, तर 'खासगी चावीही हवी' हा पर्याय फिकट दिसतो, दाबता येत नाही. बिघाड कसलाच नसतो, टोकनची ती सोयच आहे. तुम्हाला सीईआर मिळते, पेम मिळतं, पी७बी मिळतं. समोरच्याला तुमची सही पडताळायला तेवढं पुरतं. पीएफएक्स मिळत नाही, कारण त्यात चावी लागते.

गाठोड्यांचा हा सगळा व्याप शेवटी एका प्रश्नावर येतो: या फाइलमध्ये चावी आहे का? नसेल तर हवा तो फॉरमॅट करा, हवी तिथे पाठवा. असेल तर ती का जातेय, कुणाकडे जातेय आणि काम झाल्यावर कोण पुसणार, याचं उत्तर आधी द्या.

टोकन घडवणाऱ्यांनी हे उत्तर तुमच्या वतीने आधीच देऊन ठेवलंय. पण कित्येक ऑफिसांत कपाटाच्या खणात रबरबँडने बांधलेली पंधरा-वीस डोंगलं सापडतात, प्रत्येकाच्या पाठीवर सेलोटेपने चिकटवलेला पिन. तिथे चावी बाहेर काढायची गरजच उरत नाही. आख्खी मुद्राच देऊन टाकलेली असते.